७० केव्ही लावल्यावर एक्स-रे ट्यूबच्या आत काय घडतं?

इंदूरला रेडिओग्राफीचा डिप्लोमा करणाऱ्या एका विद्यार्थिनीने चार प्रश्न विचारले आहेत. पॅनेलवर ७० केव्ही (किलोव्होल्ट दाब) लावलं की ७० केईव्हीचेच (तेवढ्याच ऊर्जेचे) किरण निघतात का? केव्ही आणि एमएएस (ट्यूबमधला प्रवाह गुणिले वेळ) वाढवल्याने नेमकं काय बदलतं, आणि सीनियर मंडळी ट्यूबची इतकी काळजी का करतात? एक्स्पोजर संपल्यावर खोलीत किरण किती वेळ राहतात? आणि कॅट या इंदूरच्या संशोधन केंद्रातल्या सिंक्रोट्रॉनमध्ये (इलेक्ट्रॉन गोल फिरवणाऱ्या मोठ्या यंत्रात) टार्गेट, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळायचा धातू, नसतानाही एक्स-रे कसे तयार होतात?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. तो सुटला की पहिला निम्मा सुटतो.

इलेक्ट्रॉन सरळ रेषेत, एकाच वेगाने जात असेल तर तो काहीच किरण सोडत नाही. त्याला ब्रेक लागला किंवा त्याची दिशा वळवली, की तो विद्युतचुंबकीय लहर सोडतो. मुळात ऊर्जा किती होती आणि झटका किती जोरात बसला, यावर ती लहर रेडिओची, उजेडाची की एक्स-रेची हे ठरतं. ट्यूबमध्ये आपण इलेक्ट्रॉन धातूत घुसवून अडवतो. सिंक्रोट्रॉनमध्ये तो अडवत नाहीत, चुंबकाने वळवतात.

राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या, म्हणजे आपल्या कॅटमधल्या, इंडस-२ या कड्याचा घेर सुमारे १७२ मीटर आहे. मायक्रोट्रॉन या छोट्या यंत्रातून २० एमईव्हीचे (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) इलेक्ट्रॉन निघतात, बूस्टरमध्ये त्यांची ऊर्जा ५५० एमईव्हीपर्यंत चढवतात आणि मग कड्यात सोडून २.५ जीईव्हीपर्यंत, म्हणजे अडीच हजार एमईव्हीपर्यंत, नेतात. या ऊर्जेला इलेक्ट्रॉन सेकंदाला साधारण साडेसतरा लाख फेऱ्या मारतो. दीड टेस्लाच्या चुंबकांतून वळताना तो दर फेरीला सुमारे ६२० केईव्ही ऊर्जा किरणांच्या रूपात गमावतो. आरएफ कॅव्हिटी (रेडिओलहरींनी इलेक्ट्रॉनांना पुढे ढकलणारी पोकळी) ती तूट भरून काढते, नाहीतर बीम काही क्षणांत भिंतीला लागून संपला असता. या किरणांची निम्मी शक्ती सुमारे ६ केईव्हीच्या खाली असते आणि निम्मी वर. ६ केईव्हीचा किरण शरीरात मिलिमीटरभरात संपतो, पण स्फटिक, पातळ थर किंवा प्रथिनांची रचना तपासायला तो फार कामाचा. छातीचा फोटो काढायला मात्र आपली तेलात बुडवलेली ट्यूबच बरी.

आता त्या ट्यूबकडे वळू. १८९५ साली व्यूर्झबर्गला राँटगेनने एक्स-रे शोधले, तेव्हा ट्यूबमध्ये थोडा वायू शिल्लक ठेवावा लागायचा आणि त्याच्या दाबाप्रमाणे किरणांचा जोर रोज बदलायचा. १९१३ मध्ये कूलिजने संपूर्ण निर्वात आणि तापत्या फिलामेंटची ट्यूब आणली. आजची प्रत्येक ट्यूब त्याच घराण्यातली आहे. कॅथोडला, म्हणजे ऋण टोकाला, टंगस्टनच्या बारीक तारेची वेटोळी असते, हेच फिलामेंट. तिच्यातून ३ ते ५ अँपिअर प्रवाह सोडला की ती दोन हजार अंशांच्या वर तापते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटायला लागतात. तारेभोवती फोकसिंग कप असतो. तो ऋण असल्यामुळे इलेक्ट्रॉनांचा जथा पांगत नाही. बहुतेक ट्यूबमध्ये दोन फिलामेंट असतात, पॅनेलवर त्यांना स्मॉल आणि लार्ज फोकस म्हणतात. समोर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवर अ‍ॅनोडची, म्हणजे धन टोकाची, टंगस्टनची चकती, हेच टार्गेट. मध्ये ८० केव्ही लावले की इलेक्ट्रॉन एवढ्याशा अंतरात प्रकाशाच्या निम्म्या वेगाला पोचतो.

एक इलेक्ट्रॉन एक हजार व्होल्टमधून गेला की त्याला एक केईव्ही ऊर्जा मिळते. म्हणून केव्ही हा लावलेला विद्युतदाब आणि केईव्ही ही एका कणाची ऊर्जा. ही दोन अक्षरं परीक्षेत सर्रास एकमेकांच्या जागी लिहिली जातात, आणि पहिल्या प्रश्नाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

७० केव्हीला प्रत्येक इलेक्ट्रॉन जास्तीत जास्त ७० केईव्ही घेऊन टंगस्टनवर येतो. आत शिरल्यावर तो अणूंच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना धक्के देत जातो आणि जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता म्हणून खर्च करतो. क्वचित एखादा इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जवळून जातो. केंद्रकावर ७४ प्रोटॉन, ओढ जबरदस्त. इलेक्ट्रॉन वळतो, मंदावतो आणि गमावलेली ऊर्जा फोटॉन, म्हणजे किरणाचा एक कण, होऊन बाहेर पडते. हेच ब्रेमश्ट्रालुंग, ब्रेक लागल्याचे किरण. जितक्या जवळून गेला तितका फोटॉन मोठा. अगदी एका फटक्यात सगळं गमावणारा विरळा, त्याचाच फोटॉन ७० केईव्हीचा. बाकीचे ५, १८, ३१, ४४ असे सगळ्या मापांचे. त्यामुळे ७० केव्ही ही फक्त वरची मर्यादा. सरासरी ऊर्जा या कमाल आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, म्हणजे ७० केव्हीला २५ ते ३५ केईव्हीच्या आसपास येते. सगळ्यात लहान तरंगलांबी हवी असेल तर १२.४ ला केव्हीने भागा, उत्तर अँगस्ट्रॉममध्ये येतं. ८० केव्हीला ०.१५५.

दुसरा मार्ग कॅरॅक्टरिस्टिक किरणांचा. टंगस्टनच्या के, म्हणजे सगळ्यात आतल्या, कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवायला ६९.५ केईव्ही लागतात. ती जागा रिकामी झाली की वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन खाली येतो आणि दोन कक्षांमधला फरक फोटॉन म्हणून सोडतो. टंगस्टनसाठी हे फोटॉन ठरलेले आहेत: ५८, ५९.३ आणि ६७ केईव्हीच्या आसपास. ६५ केव्हीला हात किंवा मनगट काढताना यातला एकही तयार होत नाही, कारण के कक्षा फोडायला ऊर्जाच पुरत नाही. १०० केव्हीला मात्र बीममधला दहा-पंधरा टक्के वाटा यांचा असतो. पुस्तकातल्या आलेखावर ही शिखरं एवढी उंच काढलेली असतात की सगळे एक्स-रे असेच बनतात असं मुलांना वाटतं. नेहमीच्या रेडिओग्राफीत खरा भार ब्रेमश्ट्रालुंगच उचलतं. कॅरॅक्टरिस्टिक किरणांचं महत्त्व मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेत. तिथे मॉलिब्डेनमचं टार्गेट वापरलं तर साडेसतरा आणि साडेएकोणीस केईव्हीच्या रेषा मिळतात, आणि मऊ ऊतींमधला फरक त्या नेमका दाखवतात.

ट्यूबमधून निघालेला हा सगळा मिश्र ऐवज पेशंटवर तसाच सोडला तर काय होईल, ते आकड्यात पाहा. २० सेंटिमीटर जाडीच्या पाण्यातून, म्हणजे साधारण पोटाच्या जाडीतून, ६० केईव्हीचे शंभरातले दीड-दोन फोटॉन न विखुरता पार होतात. २० केईव्हीचा कोटीत एखादा. म्हणजे कमी ऊर्जेचे फोटॉन फोटोला काहीच देत नाहीत, फक्त कातडीला डोस देतात. म्हणून ट्यूबच्या तोंडाशी अ‍ॅल्युमिनियमचा फिल्टर असतो. १०० केव्हीच्या वर चालणाऱ्या ट्यूबला एकूण किमान २.५ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमइतकं फिल्टर हवं. एवढ्या जाडीतून २० केईव्हीचे दहातला एक फोटॉन सुटतो, ६० केईव्हीचे ऐंशीहून जास्त टक्के. कोलिमेटर (ट्यूबच्या तोंडाशी बीमचा आकार ठरवणारी पेटी) दुरुस्तीसाठी उघडल्यावर फिल्टरची ही पातळ चकती टेबलावर राहून गेली, तर फोटो तसाच दिसतो, एमएएसही थोडं कमी लागतं आणि सगळ्यांना वाटतं मशीन सुधारलं. म्हणून अशा कामानंतर क्यूए (गुणवत्ता तपासणी) करून घेतल्याशिवाय पेशंट घेऊ नये.

एमएएस म्हणजे प्रवाह (मिलिअँपिअर, एमए) गुणिले वेळ (सेकंद), अर्थात टार्गेटवर आदळलेल्या इलेक्ट्रॉनांची मोजणी. २० एमएएसला साडेबाराशे कोटी कोटी इलेक्ट्रॉन. एमएएस दुप्पट केलं की फोटॉन दुप्पट, डोस दुप्पट, पण त्यांची जात तीच. केव्ही वाढवलं की दोन्ही बदलतं: ट्यूबचं उत्पादन साधारण केव्हीच्या वर्गाने वाढतं आणि किरण जास्त भेदकही होतात. त्यावरूनच १५ टक्क्यांचा ठोकताळा आला आहे. ८० केव्ही, २० एमएएसच्या जागी ९२ केव्ही, १० एमएएस घेतलं तर डिटेक्टरवर जवळपास तेवढेच किरण पोचतात आणि पेशंटचा डोस कमी होतो. किंमत कॉन्ट्रास्टमध्ये मोजावी लागते. हाड पांढरं दिसतं ते फोटोइलेक्ट्रिक शोषणामुळे, आणि हे शोषण अणुक्रमांकाच्या घनाने वाढतं, ऊर्जेच्या घनाने घटतं. केव्ही चढवत गेलात की हाड आणि मांस यांतला फरक पुसट होतो आणि स्कॅटरची (विखुरलेल्या किरणांची) राखाडी छटा वाढते. छातीला ११० ते १२० केव्ही चालतं, कारण तिथे फासळ्या फार ठळक नकोच असतात. बोटाचं बारीक फ्रॅक्चर शोधायला तेच फॅक्टर (केव्ही-एमएएसचे आकडे) लावणं चूक.

फिल्मच्या काळात जादा एक्स्पोजर झालं की प्लेट काळी पडायची आणि चूक सगळ्यांना दिसायची. डीआरमध्ये (डिजिटल रेडिओग्राफीत) सॉफ्टवेअर फोटो सावरून घेतं. कमी पडलं तर दाणे दिसतात, जास्त झालं तर फोटो उलट छानच दिसतो, त्यामुळे हात आपोआप जास्तीकडे झुकतो आणि महिन्या-दोन महिन्यांत विभागाचे सगळेच फॅक्टर वर सरकलेले असतात. यावर उपाय स्क्रीनच्या कोपऱ्यातच असतो. डीव्हिएशन इंडेक्स (एक्स्पोजर ठरलेल्या मापापासून किती ढळलं तो आकडा) शून्य म्हणजे बरोबर, अधिक ३ म्हणजे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मं. दर फोटोनंतर तो वाचायची सवय पहिल्या सेमिस्टरपासून लावून घ्या. फोटो सुंदर आला म्हणून फॅक्टर बरोबर होते असं समजू नका.

आता सीनियर मंडळींच्या काळजीबद्दल. ८० केव्हीला ट्यूबच्या ऊर्जेतला एक टक्काही एक्स-रे होत नाही. अणुक्रमांक ७४, व्होल्ट ८०,००० आणि १०⁻⁹ यांचा गुणाकार करा, ०.००६ येतं. ८० केव्ही आणि २० एमएएस म्हणजे १,६०० ज्यूल. त्यातले नऊ-दहा ज्यूल किरण, तेही सगळ्या दिशांना, आणि उरलेली सगळी उष्णता. २०० एमएला हे सगळं एक दशांश सेकंदात संपतं, म्हणजे शक्ती १६ किलोवॅट. ट्यूब ही मुळात तापणारं यंत्र आहे. अ‍ॅनोडची रचना, तेल, चकती फिरवणारा रोटर, वॉर्मअप, पॅनेलवरचे लॉक, हा सगळा बंदोबस्त त्या उष्णतेसाठी. विद्यार्थ्यांनी स्पेक्ट्रमच्या आधी उष्णता शिकावी, असं माझं मत आहे. अभ्यासक्रमात मात्र क्रम उलटा असतो.

टंगस्टन निवडला तो अणुक्रमांक जास्त म्हणून, आणि तेवढाच ३,४०० अंशांच्या वर वितळतो म्हणूनही. चकतीच्या पृष्ठभागावर टंगस्टनमध्ये थोडं रेनियम मिसळलेलं असतं, त्यामुळे भेगा कमी पडतात. खाली मॉलिब्डेनम आणि मोठ्या ट्यूबमध्ये त्यामागे ग्रॅफाइट. इलेक्ट्रॉन जिथे आदळतात तो ट्रॅक तिरपा कापलेला असतो. १२ अंशांच्या अ‍ॅनोडवर इलेक्ट्रॉन साडेपाच-सहा मिलिमीटर लांबीच्या पट्टीवर पडतात, पण खालून पेशंटच्या बाजूने ती पट्टी १.२ मिलिमीटरचीच दिसते. उष्णतेला जागा मोठी, फोटोला फोकस लहान. शिवाय चकती मिनिटाला २,८०० च्या आसपास फेऱ्या मारते. ट्रॅकचा व्यास ८० मिलिमीटर धरला तर तीच उष्णता स्थिर पट्टीपेक्षा सुमारे दोनशेपट जागेवर पसरते. याच तिरपेपणामुळे हील इफेक्टही येतो. अ‍ॅनोडच्या बाजूला निघणारे किरण धातूतूनच जास्त वाट काढतात, म्हणून तिकडे बीम फिका पडतो. मांडी किंवा थोरॅसिक स्पाइन (छातीमागचा मणका) काढताना जाड भाग कॅथोडच्या बाजूला ठेवा. हाउसिंगवर (ट्यूबच्या बाहेरच्या कवचावर) अधिक-उणे चिन्हं असतात, ती एकदा शोधून ठेवा.

ट्यूब मरते कशी, हे कळलं तर ती वाचवता येते. हँडस्विचचा पहिला टप्पा दाबला की रोटर वेग घेतो आणि फिलामेंट मंद तापमानावरून एक्स्पोजरच्या तापमानाला चढतं. याला सेकंद-दीड सेकंद लागतो. पेशंट श्वास धरेपर्यंत पहिल्या टप्प्यावर बोट ठेवून दहा-दहा सेकंद थांबणारे खूप आहेत. तेवढा वेळ टंगस्टनची वाफ होत राहते. ती काचेच्या आतून आरशासारखी बसते, फिलामेंट बारीक होतं आणि काचेवरचा थर पुढे उच्च दाबाला वाट करून देतो. मग एक्स्पोजरच्या वेळी हाउसिंगमधून कट्कन आवाज येतो, एमए मीटर उडतो आणि फोटो अर्धवट येतो. हा आवाज दुसऱ्यांदा आला तर काम थांबवून इंजिनिअरला बोलवा. आधी श्वासाची सूचना द्या, मग प्रेप (तो पहिला टप्पा) दाबा, रेडी येताच एक्स्पोजर द्या.

दुसरा घात थंड अ‍ॅनोडचा. टंगस्टन आणि मॉलिब्डेनम थंड असताना ठिसूळ असतात. जानेवारीच्या सकाळी, रात्रभर बंद मशीन चालू करून पहिलाच पेशंट लंबर स्पाइन लॅटरलचा (कमरेच्या मणक्याच्या बाजूने काढायच्या जड फोटोचा) घेतला, तर पृष्ठभाग क्षणात हजार अंश ओलांडतो आणि आतला गाभा गारच राहतो. चकतीला तडा जातो. म्हणून कोलिमेटर बंद करून, खोलीत कोणी नसताना, ७० केव्हीच्या आसपास, कमी एमएला, मध्ये थोडा वेळ सोडत दोन-तीन एक्स्पोजर द्यायची. नेमके आकडे ट्यूबच्या मॅन्युअलमधून घ्या, ते प्रत्येक ट्यूबचे वेगळे असतात. उलट टोकाला, निर्वातात अ‍ॅनोड थंड व्हायचा मुख्य मार्ग फक्त उष्णता उत्सर्जित करण्याचा, म्हणून एकामागोमाग जड एक्स्पोजर देताना ‘अ‍ॅनोड हॉट’ आला तर थांबावंच लागतं. मशीन बंद-चालू करून तो संदेश घालवणं म्हणजे हीट काउंटरला फसवणं. जुन्या पॅनेलमध्ये तो शून्यावर येतो, चकती मात्र तितकीच तापलेली असते.

तिसरं दुखणं हळू येतं. ट्रॅकवर खड्डे पडतात, किरणांना त्या खड्ड्यांच्या कडांमधूनच वाट काढावी लागते, आउटपुट उतरतं आणि स्टाफ नकळत एमएएस वाढवत नेतो. त्याने खड्डे आणखी वाढतात. तेच फॅक्टर, तेच अंतर ठेवून मोजलेलं आउटपुट दरवर्षीच्या क्यूएमध्ये किती घटलं ते पाहिलं, तर हे वेळेत कळतं.

इंदूरबाहेर, देवास-धार-महू भागातल्या लहान दवाखान्यांत यांपेक्षा साधीच अडचण जास्त: वीज. ८० केव्ही, १०० एमए म्हणजे ८ किलोवॅट. २३० व्होल्टवर ३५ अँपिअर, वर मशीनचा स्वतःचा खर्च वेगळा. पोर्टेबल मशीन वॉर्डातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला किंवा लांब एक्स्टेन्शनला लावलं तर एक्स्पोजरच्या क्षणी दाब कोसळतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या मशीनमध्ये त्याबरोबर केव्हीही खाली येतं आणि फोटो फिका येतो. मग दोष डिटेक्टरला दिला जातो. त्याच वेळी लिफ्ट किंवा कॉम्प्रेसर सुरू झाला तर हमखास. कपॅसिटर किंवा बॅटरीवर ऊर्जा साठवून मग एक्स्पोजर देणाऱ्या मशीनला ही अडचण येत नाही. स्थिर मशीनला मात्र वेगळी, जाड केबलची लाइन आणि चांगलं अर्थिंग लागतंच.

राहिला खोलीत किरण किती वेळ राहतात हा प्रश्न. राहत नाहीत. एक्स्पोजर संपलं की उच्च दाब जातो आणि इलेक्ट्रॉन थांबतात. शेवटचा फोटॉन दहा-वीस नॅनोसेकंदांत खोली ओलांडून भिंतीत किंवा कुणाच्या अंगात जिरतो. भिंती, चादर, पेशंट, काहीही किरणोत्सारी होत नाही, कारण अणुकेंद्रक बदलायला कित्येक एमईव्ही लागतात आणि आपल्याकडे कमाल दीडशे केईव्ही. ते भान रेडिओथेरपीतल्या १० एमव्हीच्या वरच्या लिनॅकला (इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देणाऱ्या उपचारयंत्राला) लागतं. किरणोत्सर्गी पदार्थांची गोष्ट निराळी. कोबाल्ट-६० बटणाने बंद होत नाही, त्याला फक्त शिशामागे झाकता येतं, आणि ५.२७ वर्षांनी तो निम्मा होतो. एक्स-रे आणि गॅमा फोटॉन एकाच ऊर्जेचे असतील तर शरीराला दोन्ही सारखेच. फरक जन्मस्थानाचा: एक केंद्रकाबाहेरचा, दुसरा केंद्रकातला.

म्हणून एक्स्पोजरनंतर दार उघडायला घाबरू नका, एक्स्पोजरच्या वेळी मात्र चुकू नका. तुम्हाला मिळणारा डोस मुख्यतः पेशंटच्या अंगातून विखुरलेल्या किरणांचा. एक मीटरवर काटकोनात तो पेशंटवर पडणाऱ्या बीमच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास, दोन मीटरवर त्याचा चौथा भाग. वॉर्डात पोर्टेबल घेताना स्विचची कॉर्ड पूर्ण ताणून, ट्यूबच्या मागे उभं राहा. कोलिमेशन जेवढं लहान तेवढा स्कॅटर कमी आणि फोटोही स्वच्छ. ०.२५ मिलिमीटर शिशाचं अ‍ॅप्रन या विखुरलेल्या किरणांचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग अडवतं, सरळ बीम अडवण्यासाठी ते नाही. मूल धरायचं असेल तर अ‍ॅप्रन घालून नातेवाइकाने धरावं, स्टाफने रोज धरू नये. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमाने किरणांजवळ काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पर्यंत. डोस मोजणारा टीएलडी बॅज छातीवर, अ‍ॅप्रनच्या आत. ड्यूटी संपली की तो अ‍ॅप्रनला अडकवून एक्स-रे रूममध्ये टांगून जाऊ नका. तसं केलं तर तीन महिन्यांनी येणारा रिपोर्ट तुमच्या डोसचा नसतो, त्या खुंटीचा असतो.